सीसीएनएचा सराव कशावर करायचा? गावात बसून लॅब सॉफ्टवेअर निवडताना

सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा. तिचा अभ्यास हाती घेतला की पहिल्या आठवड्यातच गाडी एका प्रश्नावर अडते: लॅपटॉपवरच राउटर-स्विच जोडून सराव करायचा, म्हणजे लॅब करायची, तर कोणत्या सॉफ्टवेअरवर? पॅकेट ट्रेसर घेऊ, जीएनएस३ घेऊ, ईव्ह-एनजी की सिस्को मॉडेलिंग लॅब्ज? यूट्यूबवर शिकवणाऱ्याकडे चौसष्ट जीबी रॅमचा सर्व्हर असतो. पाहणारा वणीत, दारव्ह्यात नाहीतर आरमोरीत आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसलेला असतो. तशीच लॅब आपल्याकडे उभी करण्याच्या नादात महिना निघून जातो आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं) म्हणजे काय ते कळायचं राहूनच जातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अभ्यासक्रम एकदा संपेपर्यंत पॅकेट ट्रेसर सोडून कशालाही हात लावू नका. त्यानंतर लॅपटॉपला झेपत असेल तर सिस्को मॉडेलिंग लॅब्जची, म्हणजे सीएमएलची, मोफत आवृत्ती घ्या. जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी ही चांगली सॉफ्टवेअर आहेत, पण सीसीएनएसाठी त्यांच्यावाचून काही अडत नाही. हे मत तुमच्या परिस्थितीत लागू पडतं का, ते पुढच्या पायऱ्यांनी तपासा.

पायरी १: आधी अभ्यासक्रमाचा कागद

सीसीएनए परीक्षेचा क्रमांक २००-३०१. ऑगस्ट २०२४ पासून तिची १.१ ही आवृत्ती लागू आहे. सिस्कोच्या संकेतस्थळावर विषयांची यादी मोफत मिळते. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून तिची छापील प्रत काढून घ्या, कारण तिच्यावर पेननं खुणा करायच्या आहेत.

यादीतल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक क्रियापद आहे. काही ओळी 'समजावून सांगा' किंवा 'वर्णन करा' म्हणतात, काही 'कॉन्फिगर करून तपासा' म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या ओळींवर गोल करा. लॅब लागते ती याच ओळींना. व्हीलॅन, ट्रंक, एलएसीपी वापरून इथरचॅनल, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चे स्टॅटिक रूट, एकाच एरियातलं ओएसपीएफ (राउटर एकमेकांना वाटा कळवतात तो प्रोटोकॉल), नॅट, एनटीपी, डीएचसीपी रिले, एसएसएच, अ‍ॅक्सेस लिस्ट, पोर्ट सिक्युरिटी, डीएचसीपी स्नूपिंग आणि वायफायचं डब्ल्यूपीए२ सेटिंग, एवढ्यांत बहुतेक गोल येतील. एचएसआरपीसारख्या प्रोटोकॉलचा फक्त उद्देश आणि कामाची पद्धत विचारलेली आहे. बीजीपीचं कॉन्फिगरेशन आणि एमपीएलएस या यादीत नाहीतच. म्हणजे ज्या भारी राउटर इमेजसाठी (राउटरचं सॉफ्टवेअर असलेल्या फाइलींसाठी) लोक रॅम वाढवत बसतात, त्या या परीक्षेला लागतच नाहीत.

वजनही पाहून घ्या. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सेवा १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. स्विचिंग आणि राउटिंगमध्येच ४५ टक्के आहेत, तेव्हा लॅबचा वेळही तिकडेच जायला हवा.

पायरी २: लॅपटॉपची पोच

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. उजवीकडे खाली व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवायची सोय, चालू आहे की बंद, ते लिहिलेलं असतं. बंद असेल तर लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. इंटेलवर ते व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावानं सापडतं, एएमडीवर एसव्हीएम मोड या नावानं. पॅकेट ट्रेसरला याची गरज नाही. बाकी बहुतेकांना आहे.

चार जीबी रॅम असेल तर विचार संपला, पॅकेट ट्रेसरच. आठ जीबीवर पॅकेट ट्रेसर आरामात चालतं आणि जीएनएस३ वर तीन-चार हलके राउटरही निघतात. सीएमएलला मात्र स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनसाठीच आठ जीबी लागतात. विंडोजला काही ठेवायला नको का? म्हणून त्यासाठी सोळा जीबीचा लॅपटॉप धरा.

नागपूर-अमरावतीहून जुना लॅपटॉप घेणार असाल तर दुकानातच मागचं झाकण उघडून पाहायला सांगा. रॅमची एक पट्टी रिकामी आहे का, की रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे? चिकटवलेली असेल तर पुढे वाढणार नाही. कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड या कामाला चांगले, पण त्यांच्यातही काही पातळ मॉडेलांत रॅम चिकटवलेलीच असते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असू द्या. आणि दुकानदार लॅपटॉप चार्जर लावून दाखवत असेल तर तो काढून, अर्धा तास नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. आपल्याकडे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पायरी ३: नेट आणि लाईन

दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर काय उतरवता येतं, याचा हिशेब सॉफ्टवेअर निवडायच्या आधी करावा लागतो. पॅकेट ट्रेसर काहीशे एमबीत येतं. सीएमएल आणि ईव्ह-एनजी यांचे व्हर्च्युअल मशीन आणि इमेज धरून प्रकरण काही जीबींवर जातं. मोठी फाइल गावातल्या एका कांडीच्या नेटवर्कवर तीन तास चालवून शेवटी तुटण्यापेक्षा तालुक्याच्या अभ्यासिकेतल्या नाहीतर मित्राकडच्या फायबरवरून पेनड्राइव्हवर आणा. आणल्यावर विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडनं फाइलचा एसएचए२५६ हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढा आणि संकेतस्थळावर दिलेल्या हॅशशी जुळवा. अर्धवट उतरलेल्या इमेजमुळे येणारे एरर इतके विचित्र असतात की माणूस दोन दिवस स्वतःलाच दोष देत बसतो.

निव्वळ ब्राउझरवर चालणाऱ्या लॅब मुख्य साधन म्हणून धरू नका. सिस्कोचं डेव्हनेट सँडबॉक्स मोफत आहे, उत्तम आहे, पण गावात टॉवरची बॅटरी संपली की ते गेलं. मुख्य लॅब अशी हवी, जी नेट नसतानाही चालेल.

लाईनचा प्रश्न याहून किचकट. राउटरमध्ये केलेले बदल चालू मेमरीत असतात. राइट कमांड दिल्याशिवाय ते स्टार्टअप कॉन्फिगरेशनमध्ये जात नाहीत. जुनी बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर लाईन गेली की तासाभराचं काम गेलंच समजा. दर दहा-पंधरा मिनिटांनी प्रत्येक डिव्हाइसवर राइट द्या आणि प्रोजेक्टची फाइलही वेगळी सेव्ह करा. व्हीएमवेअर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर लाईन गेल्यागेल्या व्हर्च्युअल मशीन बंद करत बसू नका, सस्पेंड करा. परत आल्यावर राउटर होते त्या स्थितीत सुरू होतात. शिवाय रनिंग कॉन्फिगरेशन नोटपॅडमध्ये चिकटवून ठेवायची सवय लावून घ्या. उद्या तीच लॅब दुसऱ्या सॉफ्टवेअरवर उभी करताना हीच फाइल कामी येते.

पायरी ४: पॅकेट ट्रेसर, नीट

सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या संकेतस्थळावर खातं काढलं की ते मोफत मिळतं. विंडोज, मॅक आणि उबुंटू तिन्हींवर चालतं. सुरू होताना लॉगिन मागतं, म्हणून नेट असताना एकदा लॉगिन करून 'लॉगिन ठेवा' हा पर्याय चालू करा.

हे सिम्युलेटर आहे. आत खरं आयओएस (सिस्कोच्या राउटर-स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम) चालत नाही, त्याच्यासारखं वागणारा प्रोग्रॅम चालतो. काही लोक यावरून त्याला पोरखेळ म्हणतात. मला हे पटत नाही. शिकणाऱ्याला पहिल्या तीन महिन्यांत जे दिसायला हवं, ते खऱ्या राउटरपेक्षा इथं जास्त स्पष्ट दिसतं.

उजव्या कोपऱ्यात खाली सिम्युलेशन मोड आहे. तो चालू करा, फिल्टरमध्ये फक्त एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता विचारणारा प्रोटोकॉल) आणि आयसीएमपी (पिंग ज्यावर चालतं तो) ठेवा आणि एका पीसीवरून दुसऱ्या नेटवर्कमधल्या पीसीला पिंग करा. एकेक पाऊल पुढे न्या. पिंग निघायच्या आधी पीसी एआरपीनं गेटवेचा मॅक पत्ता विचारतो, राउटर पुढच्या बाजूला पुन्हा एआरपी करतो, तेवढ्यात पहिलं पिंग वाया गेलेलं असतं. खऱ्या नेटवर्कमध्येही पहिलं पिंग असंच चुकतं, आणि शिकाऊ माणूस केबल तपासत बसतो. पाकिटावर क्लिक केलं की आत येताना कोणता मॅक होता आणि बाहेर जाताना कोणता झाला, आयपी मात्र तोच कसा राहिला, हे थरांनुसार उघडून दाखवतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की राउटिंगची निम्मी भीती जाते. म्हणून डीएचसीपीचे चार संदेश, स्विच मॅक टेबल कसं भरतो, व्हीलॅनचा टॅग ट्रंकवर कुठे लागतो आणि कुठे निघतो, हे सगळं याच मोडमध्ये एकदा तरी बघाच.

वायफायचा भागही इथंच उरकतो. परीक्षेत वायरलेस लॅन कंट्रोलरच्या ग्राफिकल पडद्यावरचं काम विचारतात, आणि पॅकेट ट्रेसरमध्ये कंट्रोलर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट दोन्ही आहेत. जीएनएस३ किंवा सीएमएलमध्ये हा सराव सहज होत नाही.

मर्यादा आहेतच. काही शो आणि डीबग कमांड नसतात किंवा अर्धवट चालतात. एखादी आज्ञा पॅकेट ट्रेसरनं नाकारली तर ती चुकीचीच असेल असं नाही. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे प्रश्नचिन्ह. स्पॅनिंग-ट्री गार्ड लिहून पुढे ? दाबा आणि किती पर्याय येतात ते पाहा. पुस्तकात असलेला पर्याय यादीत दिसला नाही तर त्या ओळीवर दुसऱ्या रंगाची खूण करा. अशा खुणा साठतील, त्या पुढच्या पायरीसाठी. या खुणा थोड्याच असतील, आणि दुसरं सॉफ्टवेअर लागतं ते तेवढ्यांपुरतंच.

पायरी ५: सीएमएलची मोफत आवृत्ती

सीएमएल हे सिस्कोचंच आहे आणि त्यात खरं आयओएस चालतं. वैयक्तिक आवृत्ती वर्षाला सुमारे दोनशे डॉलरला असते, आणि शेतमालाच्या पैशातून शिकणाऱ्या पोराला ती घ्यायला सांगणं बरोबर नाही. २०२४ च्या शेवटी मात्र सिस्कोनं एक मोफत आवृत्ती काढली. तिच्यात एका वेळी पाच डिव्हाइस चालवता येतात, आणि आयओएल नावाच्या हलक्या राउटर-स्विच इमेज सोबतच मिळतात. त्याआधीच्या आयओएसव्ही इमेजला राउटरमागे अर्धा जीबी लागायचा. आयओएल त्याहून बऱ्याच कमीत भागवते.

पाच डिव्हाइस कमी वाटतात. सीसीएनएसाठी ते पुरतात. तीन राउटर आणि दोन स्विच यांत ओएसपीएफ, इथरचॅनल, नॅट, अ‍ॅक्सेस लिस्ट सगळं बसतं. टोकाला पीसी हवा असेल तर राउटरवरच लूपबॅक (आभासी) इंटरफेस बनवा आणि पिंग करताना तोच सोर्स द्या.

उभारणीचा क्रम असा. सिस्कोचं खातं काढून सीएमएलची फाइल आणि इमेजची आयएसओ फाइल दोन्ही उतरवा. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून मोफत झालं आहे, ते ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावरून खातं काढून मिळतं. व्हर्च्युअलबॉक्सवर सीएमएल चालवायच्या भानगडीत पडू नका, सिस्को त्याला आधार देत नाही. व्हर्च्युअल मशीन आयात करून त्याला आठ जीबी रॅम आणि चार कोर द्या, प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये व्हर्च्युअलायझेशनची खूण करा, आयएसओ जोडा आणि सुरू करा. पडद्यावर एक आयपी पत्ता दिसेल. तो ब्राउझरमध्ये टाकला की काम सुरू.

बायोसमध्ये सगळं चालू असूनही व्हीएमवेअर व्हर्च्युअलायझेशनबद्दल तक्रार करत असेल तर संशय विंडोजवर घ्या. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी चालू असते, किंवा हायपर-व्ही चालू असतं. ही दोन्ही सुविधा प्रोसेसरचा ताबा आधीच घेतात. लॅबपुरतं ते बंद करून लॅपटॉप रीस्टार्ट करा. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, त्यामुळे बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर करत असाल तर काम झाल्यावर पुन्हा चालू करा.

पायरी ६: जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी कोणासाठी

जीएनएस३ मोफत आणि मुक्त स्रोताचं आहे. पण ते रिकामं घर देतं, राहणारे आपण आणायचे. सिस्कोची आयओएस इमेज त्यासोबत मिळत नाही, आणि ती वापरायला सिस्कोचा परवाना लागतो. टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरणाऱ्या इमेज घेऊ नका. एक तर ते बेकायदेशीर, दुसरं म्हणजे त्या फाइलसोबत आणखी काय आलं ते कळायला मार्ग नाही. सीएमएल मोफत मिळू लागल्यावर तर या चोरीला कारणच उरलेलं नाही.

तुमच्या संस्थेकडे सिस्कोच्या जुन्या ३७२५ किंवा ७२०० राउटरची परवान्याची इमेज असेल आणि ती वापरायला मिळत असेल, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: आयडल-पीसी. हे मूल्य ठरवलेलं नसेल तर एक रिकामा राउटरही प्रोसेसरचा अख्खा कोर शंभर टक्के वापरत राहतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे असताना असे तीन राउटर चालवले की लॅपटॉपचा पंखा घोंघावतो, तो तापून मंदावतो आणि बॅटरी पाऊण तासात बसते. उपाय सोपा आहे. राउटर सुरू करा, तो पूर्ण उठून शांत होऊ द्या, त्याच्यावर राइट क्लिक करून आयडल-पीसी शोधायला सांगा आणि चांदणी असलेलं मूल्य निवडा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा आकडा खाली आला पाहिजे. नाही आला तर दुसरं मूल्य घ्या. एका इमेजसाठी हे एकदाच करावं लागतं.

स्विचिंगसाठी मात्र ही जुनी पद्धत लंगडी आहे. राउटरमध्ये एनएम-१६ईएसडब्ल्यू मॉड्यूल बसवून स्विच बनवतात, पण त्यावर शो व्हीलॅनऐवजी शो व्हीलॅन-स्विच द्यावं लागतं आणि नव्या स्विचची बरीच वैशिष्ट्यं नसतात. परीक्षेच्या सवयी बिघडतात.

ईव्ह-एनजीची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे आणि सगळं ब्राउझरमधून चालतं. इमेजचा प्रश्न तिथंही तोच. पुढे सीसीएनपीकडे (सीसीएनएच्या वरच्या परीक्षेकडे) जायचं असेल, किंवा अनेक कंपन्यांची उपकरणं एकत्र चालवायची असतील, तेव्हा तिच्याकडे वळा.

एका कामासाठी मात्र मी जीएनएस३ मनापासून सुचवतो, ते म्हणजे मायक्रोटिक. गावागावांत फायबर आणि वायरलेस नेट देणारे छोटे ऑपरेटर मायक्रोटिकचे राउटर सर्रास वापरतात, आणि तालुक्यातच काम मिळवायचं असेल तर राउटरओएस, म्हणजे मायक्रोटिकची ऑपरेटिंग सिस्टिम, येणं उपयोगाचं ठरतं. त्याची सीएचआर नावाची व्हर्च्युअल आवृत्ती अधिकृतपणे मोफत उतरवता येते. मोफत परवान्यात प्रत्येक इंटरफेसचा वेग एक एमबीपीएसवर बांधलेला असतो. शिकायला तेवढा भरपूर. एमटीसीएनए ही मायक्रोटिकची परीक्षा करणाऱ्यांची लॅब यातच उभी राहते.

पायरी ७: निवडलेल्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्या

एकच लॅब उभी करा आणि तीच सगळीकडे चालवून पाहा. तीन राउटर: वणी, मारेगाव, पांढरकवडा. तिघांना त्रिकोणात जोडा आणि तिन्ही दुव्यांवर एरिया शून्यात ओएसपीएफ चालवा. वणीखाली एक स्विच, त्यावर व्हीलॅन १० शाळेला आणि व्हीलॅन २० आरोग्य केंद्राला. दोन्ही व्हीलॅनचं राउटिंग वणीच्या एकाच पोर्टवर सबइंटरफेस करून. डीएचसीपी सर्व्हर पांढरकवड्याला ठेवा, म्हणजे वणीवर रिले लावावाच लागेल. मारेगावला नॅट, आणि शाळेच्या व्हीलॅनमधून आरोग्य केंद्राकडे जाणारी वाट अडवणारी अ‍ॅक्सेस लिस्ट.

उभी झाली की मोडा. वणी-पांढरकवडा दुवा शटडाउन करा आणि मारेगावमार्गे वाट किती वेळात सापडते ते बघा. मग दुवा परत चालू करून एका टोकाचा हॅलो टायमर बदला. नेहमीचा दहा सेकंदांचा असतो, तो पंधरा करा. चाळीस सेकंदांचा डेड टायमर संपला की शेजार (दोन राउटरमधलं ओएसपीएफचं नातं) तुटेल, आणि शो आयपी ओएसपीएफ इंटरफेसमध्ये दोन्हीकडचे आकडे वेगळे दिसतील. ट्रंकवरून व्हीलॅन २० काढून टाका. रिलेचा पत्ता चुकवा. अ‍ॅक्सेस लिस्ट उलट्या दिशेनं लावा. शक्य असेल तर बिघाड दुसऱ्या कोणाला करायला लावा आणि शोधा तुम्ही. अभ्यासिकेत नेटवर्किंगवाले दोघे असतील तर फाइलींची अदलाबदल करा. परीक्षेत प्रत्यक्ष कॉन्फिगर करायला लावणारे प्रश्न येतात, आणि १२० मिनिटांत त्यांना वेळ पुरायचा तर शो कमांड बोटांत बसलेल्या हव्यात.

हा प्रयोग ज्या सॉफ्टवेअरवर न अडता पूर्ण होतो आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडल्यावर जसाच्या तसा परत येतो, ते तुमचं.

दुसऱ्या परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडक्यात

कॉम्पटियाच्या नेटवर्क प्लसला पॅकेट ट्रेसर आणि वायरशार्क पुरतं. जुनिपरच्या जेएनसीआयएसाठी जुनिपरच्याच व्हीलॅब्ज ब्राउझरमध्ये मोफत मिळतात, पण स्थिर नेट लागतं. सोळा जीबीहून जास्त रॅम असेल तर व्हीजुनोस हे जुनिपरचं व्हर्च्युअल उपकरण उतरवून घरीच चालवा. फक्त मोबाइल असणाऱ्यांनी सबनेटिंग आणि विषयांचं वाचन त्यावर करावं आणि लॅबसाठी एमएस-सीआयटी केंद्राच्या चालकाला विचारावं. दुपारी बॅच नसताना संगणक रिकामे असतात, आणि पॅकेट ट्रेसर तिथल्या जुन्या मशीनवरही चालतं.

खरे स्विच-राउटर विकत घेणं या टप्प्यावर टाळा. जुना २९६० स्विच स्वस्तात मिळतो, पण एकट्या स्विचवर राउटिंग शिकता येत नाही, आणि तीन डब्यांचं वीजबिल आणि आवाज घरात कोणी खपवून घेत नाही. कन्सोल केबल आणि पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम वापरून एकदा खऱ्या स्विचमध्ये शिरायचा अनुभव घ्यायचा असेल तर ओळखीच्या ऑपरेटरकडे एक दुपार काढा.

परीक्षेची फी ३०० डॉलर, वर कर. ती घरूनही देता येते, पण तिथं कॅमेरा आणि नेट सतत चालू असावं लागतं. गावठाण फीडरवर लाईन केव्हा जाईल याचा नेम नसेल तर नागपूरचं परीक्षा केंद्र निवडा. तारीख घ्यायच्या आधी वरची त्रिकोणाची लॅब नोटपॅडमधून काहीही न चिकटवता, पहिल्या ओळीपासून हातानं टाइप करून उभी करा आणि घड्याळ लावा. तासाभरात उभी राहून सगळी पिंग लागली तर पैसे भरा. नाही लागली तर कोणत्या ओळीवर अडलात ते त्या झेरॉक्सच्या कागदावर शोधा आणि तेवढंच पुन्हा करा.